कमी केलेला आवाज

गेल्या वर्षी द्वितीय वर्षाच्या वर्गात आत्मचरित्रात्मक कादंबरीविषयी बोलताना मी मुलांना विचारले, "‘श्यामची आई’ किती जणांनी वाचली आहे?" चार हात वर झाले. "आणि चित्रपट किती जणांनी पाहिला आहे?" पंधरा-सोळा. त्यांतली एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, पाहिला म्हणजे आजीबरोबर थोडासा. ती रडायला लागली, मग मी उठले." वर्ग हसला, मीही हसलो. पण ‘मी उठले’ हे दोन शब्द दिवसभर मनात राहिले. कारण हा चित्रपट अर्धवट टाकून आमच्याही घरातले एक माणूस उठले होते. ती माझी आई. त्या गोष्टीला आता जवळजवळ चाळीस वर्षे होत आली. त्या संध्याकाळविषयी मी आजवर काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे त्यात काही घडले होते का, याचीच मला खात्री नव्हती.

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ ६ मार्च १९५३ रोजी प्रदर्शित झाला. १९५४ साली पहिल्यांदाच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक त्याला मिळाले. हे सगळे आपण परीक्षेत लिहिले आहे आणि विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले आहे. परंतु माझ्या पिढीच्या बहुतेकांनी हा चित्रपट चित्रपटगृहात पाहिलेला नाही. आमच्यासाठी तो दूरदर्शनचाच चित्रपट. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागे, मध्ये बातम्यांसाठी थांबे आणि बातम्यांनंतर पुन्हा सुरू होई. ज्याच्या घरी संच असेल त्याच्या घरी अवघी चाळ जमे. चित्रपटगृहाच्या अंधारात माणूस एकटा असतो, रडला तरी शेजाऱ्याला दिसत नाही. दूरदर्शनचा चित्रपट दिव्याच्या उजेडात, ओळखीच्या माणसांच्या गुडघ्याला गुडघा लावून पाहावा लागतो. कोण कुठे रडले, कुठे हसले आणि कुठे खाली पाहिले, हे सगळ्यांना दिसते. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही.

आम्ही दिव्याला राहायला आलो ते १९८४ साली. त्याआधी लालबागला एका चाळीत आमची पागडीची खोली होती आणि बाबा गिरणीच्या साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कोणी रीतसर मागे घेतला नाही. तो आमच्यासारख्या घरांमधून थोडा थोडा करून संपत गेला. प्रथम गावाला जाणारी मनीऑर्डर थांबली. मग आईच्या हातातल्या बांगड्या गेल्या आणि शेवटी खोली गेली. खोलीच्या पैशांतून देणी भागवून जे उरले, त्यात मध्य रेल्वेवर जितक्या लांब जाता येईल तितके आम्ही गेलो. दिवा त्यावेळी नावाला जंक्शन होते. एक फाटा पनवेलकडे, एक वसईकडे. मुंब्र्याचा डोंगर मागे पडला की खाडी, खारफुटी, भातखाचरे, आगरी वस्तीची जुनी गावे आणि त्यांच्या कडेकडेने उठू लागलेल्या आमच्यासारख्यांच्या चाळी. जलद लोकल भोंगा वाजवीत निघून जात. दिव्याला त्या थांबू लागल्या त्या थेट २०१६ च्या डिसेंबरात. पावसाळ्यात फाटकापासून खोलीपर्यंत चपला हातात घेऊन यावे लागे. बाबा ठाण्याला एका कारखान्यात हंगामी कामावर जात. आई घरी बसून तयार कपड्यांना काज-बटणे करी. त्याचे पैसे डझनावर मिळत.

आमच्या चाळीत आठ खोल्या होत्या आणि टीव्ही एक. तो कोपऱ्यातल्या खोलीत, रेल्वेत नोकरी असलेल्या काकांच्या घरी. कृष्णधवल, पुढे सरकते दार असलेला, वर क्रोशाचा रुमाल. अँटेना कौलांवर होता. पनवेलकडे जाणारी मालगाडी गेली की चित्र थरथरे आणि एखादा मुलगा बाहेर जाऊन बांबू धरून उभा राही. काकू दर शनिवारी सतरंजी अंथरीत. पुरुष भिंतीला टेकून, बायका आतल्या दाराशी, मुले सर्वांत पुढे, ही बसण्याची पद्धत ठरलेली होती. आतल्या अर्ध्या खोलीत पडद्यामागे काकूंच्या सासूबाई खाटेवर पडून असत.

मी सांगतो तो शनिवार १९८६ च्या पावसाळ्याच्या अखेरचा. त्याच्या चारच दिवस आधी आमच्या दारात एक माणूस येऊन गेला होता. संपाच्या दुसऱ्या वर्षी बाबांनी एका व्याजाने पैसे देणाऱ्याकडून काही रक्कम उचलली होती. लालबाग सोडताना ती पूर्ण फिटली नव्हती आणि दिव्याचा पत्ता बाबांनी त्याला दिलेला नव्हता. कोणीतरी दिला. वसुलीचा माणूस दुपारी आला तेव्हा बाबा कामावर होते. तो आत आला नाही. बाहेरच्या सामाईक ओट्यावर उभा राहिला आणि आठही खोल्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलला. शिव्या दिल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर कदाचित बरे झाले असते. आईच्या गळ्याकडे पाहून तो एवढेच म्हणाला, "आहे की अजून. मग नाही नाही काय म्हणता, वहिनी?" आई काही बोलली नाही. तिने पदर गळ्याभोवती घेतला आणि दार लोटले. मी आत पाटावर बसून भूगोलाची वही पूर्ण करीत होतो. तो गेल्यावर चाळीत इतकी शांतता झाली की कोणाच्या तरी चुलीवरच्या भाताची रटरट ऐकू येत होती.

मी अकरा वर्षांचा होतो. मला राग आला नाही. मला लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे ती आईची वाटली. त्या रात्री बाबा आल्यावर आईने त्यांना काय सांगितले मला ठाऊक नाही. दिवा मालवल्यावर कुजबुज बराच वेळ चालली होती, एवढे आठवते.

शनिवारी ‘श्यामची आई’ होता. बाबांना जायचेच होते. आमचे गाव खेड तालुक्यातले आणि साने गुरुजींचे पालगड तिथून फार लांब नाही. बाबांच्या लेखी तो चित्रपट म्हणजे आमच्याकडच्या माणसांची गोष्ट होती. पडद्यावर विहीर दिसली, अंगण दिसले, तुळशीवृंदावन दिसले की ते शेजारच्याला सांगत, "आमच्याकडे अस्संच." पुस्तक त्यांनी रात्रशाळेत असताना वाचले होते. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिने ते वाचलेले नव्हते.

पहिला भाग सगळ्यांनी ज्या तऱ्हेने पाहायचा त्याच तऱ्हेने पाहिला. छोट्या श्यामला आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू द्यायची नसते. आई पदर पसरते आणि पायांना जपतोस तसे मनालाही जप, असे सांगते. त्या प्रसंगाला बायकांनी माना डोलावल्या. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई फोकाने मारते तेव्हा आम्ही मुले खदखदलो. कृष्णाच्या बोटाला द्रौपदीने बांधलेल्या चिंधीचे गाणे लागले तेव्हा काकूही गुणगुणू लागल्या. वसंत देसाईंची चाल आणि आशा भोसल्यांचा आवाज, त्या गाण्याला पाठांतराची गरजच नव्हती. वनमालाबाईंचा चेहरा त्या लहानशा पडद्यावरही असा काही दिसे की बायका ‘माउली’ म्हणत. सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये, १९४१ साली, याच बाई नायिका होत्या, हे मला फार पुढे कळले. श्यामचे काम करणारे माधव वझे पुढे रंगकर्मी आणि नाट्यसमीक्षक म्हणून प्रसिद्ध झाले. पण त्या दिवशी ते आमच्याच वर्गातला कोणी हुशार मुलगा असावा तसे होते.

बातम्या झाल्या. चित्रपट पुन्हा सुरू झाला आणि हळूहळू त्या घरावरचे कर्ज पुढे येऊ लागले. एकेकाळच्या खोताचे घर, वाटण्या, कज्जे, मग सावकार, मग तगादा. वसुलीची पाळी येते तो भाग सुरू झाला आणि खोलीत काहीतरी बदलले. नेमके काय, ते मला शब्दांत सांगता येत नव्हते. मी मागे वळून पाहिले. एरव्ही असे मागे पाहिले की कोणाची तरी नजर भेटे, कोणी डोळे वटारी. त्या दिवशी एकाही माणसाने माझ्याकडे पाहिले नाही. सगळे अगदी सरळ पडद्याकडे पाहत होते, नको तितके सरळ. बाबा भिंतीला टेकून आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते. आई दाराशी होती, तिचा पदर गळ्याभोवती घेतलेला होता. तेव्हा मला कळले की त्या खोलीतल्या प्रत्येकाला मंगळवारची दुपार आठवत आहे आणि ती आठवत नसल्याचे प्रत्येक जण दाखवीत आहे. आपल्यावर दया केली जात आहे, हे कळण्याचा तो माझा पहिला प्रसंग. मीही लगेच मान वळवली आणि सगळ्यांसारखा सरळ पाहू लागलो.

तेवढ्यात काकू उठल्या. "सासूबाईंचा डोळा लागलाय," असे म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज अगदी बारीक केला. पडद्यावर माणसे बोलत राहिली. ओठ हलत होते, हात हलत होते आणि आम्हांला जवळजवळ काही ऐकू येत नव्हते. मला त्यांचा राग आला. नेमक्या महत्त्वाच्या जागी आवाज कमी केला म्हणून. थोड्या वेळाने, केव्हा ते सांगता येत नाही, त्यांनी तो पुन्हा वाढवला. त्याच सुमारास आई उठली. "भात टाकायचाय," असे कोणालाही उद्देशून नव्हे असे म्हणाली आणि गेली.

आम्ही शेवटपर्यंत बसलो. श्यामची आई गेली. पुरुषांसह सगळी खोली रडली. बाबाही रडले आणि मला ते पाहून बरे वाटले, कारण या रडण्यात आमचे असे वेगळे काही नव्हते. इथे सगळे सारखे होते.

घरी आलो तेव्हा आई दिव्याखाली बसून शर्टांना काज करीत होती. भात झाला होता. तिने मान वर न करता विचारले, "संपला?"

"हो. शेवटी श्यामची आई मरते."

तिने दोरा दातांनी तोडला. "आणि कर्जाचं काय झालं?"

मला उत्तर देता आले नाही. मी बाबांकडे पाहिले. बाबा हात धुवायला बाहेर गेले.

पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो, शिकवू लागलो. ‘श्यामची आई’वर जे जे लिहिले गेले त्यातले बरेच वाचले. मातृभक्ती, संस्कार, करुणा, गांधीयुगाची मूल्यदृष्टी, आणि दुसऱ्या बाजूने भाबडेपणा, अश्रूंचा अतिरेक, उपदेश. परंतु माझ्या चौथी शिकलेल्या आईने काज करता करता विचारलेला प्रश्न मला या चर्चेत कुठे फारसा भेटला नाही. कर्जाचे काय झाले?

हा प्रश्न पुस्तकाला लावून पाहिला की पुस्तक वेगळे दिसू लागते. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिले. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आश्रमातला श्याम रोज रात्री मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो, अशी त्याची रचना. या रात्री आपण संस्कारकथांची माळ म्हणून वाचत आलो. परंतु त्या क्रमाने वाचल्या, तर उत्तरार्धात एक कुटुंब पायरीपायरीने खाली येताना दिसते. मोठे घर सुटते. स्वतंत्र झोपडी उभी राहते. शेजारपाजारची वागणूक बदलते. घरात एक जिन्नस असला तर दुसरा नसतो. सावकाराचा माणूस दारात येऊन त्या माउलीच्या अब्रूला हात घालणारे बोल बोलतो आणि ती संतापून उसळते. मग जप्ती येते. बापजाद्यांची जमीन धरून बसायचे की तुकडा विकून मोकळे व्हायचे, हा त्या घरातला पेच आहे आणि त्यात कुढत जाते ती जमीन जिच्या नावावर नाही ती बाई. आईचा आजार हा या उतरंडीचा शेवटचा टप्पा आहे. तो आकाशातून पडलेला नाही.

आपण ज्यांना संस्कार म्हणतो, तेही या उजेडात पाहावेत असे मला वाटते. भाजीत मीठ नसतानाही वडील मुकाट्याने जेवतात आणि मुलाला त्यातून दुसऱ्याचे मन जपणे समजते. लग्नघरी दक्षिणा घेतली म्हणून आई रागावते. शिक्षणासाठी बाहेर राहणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवतो आणि आई आधी विचारते, पैसे आणलेस कुठून? सुस्थितीतल्या घरात या गोष्टी सद्गुण ठरतील. घसरणीला लागलेल्या घरात त्या सद्गुणांहून अधिक काही असतात. ज्याचे सगळे जप्त होऊ शकते, त्याच्याजवळची जप्त न होणारी वस्तू म्हणजे वागणूक. ती माउली मुलाला देव, धर्म, भूतदया शिकवते हे खरेच. पण त्याचबरोबर ती त्याला दारिद्र्यात ताठ कसे उभे राहायचे हे शिकवते. माझ्या आईने गळ्याभोवती पदर घेतला तो याच शाळेतला धडा होता, जरी ती त्या शाळेत गेलेली नव्हती.

आणि मुलगा मोठा कधी होतो? आपल्या समीक्षेत घडणीच्या कादंबरीची चर्चा करताना आपण बहुधा प्रेम, शहर, वाचन, बंड यांकडे पाहतो. ‘कोसला’तला पांडुरंग हे त्याचे ठरलेले उदाहरण. परंतु गरिबाघरचे मूल याच्या फार आधी मोठे होते. आईबापांचा अपमान होताना ते पाहते आणि आपण पाहिले नाही असे दाखवते, त्या क्षणी ते मोठे होते. डी सिकाच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’चा (१९४८) शेवट आठवा. चोरी करताना पकडल्या गेलेल्या बापाची लोक छी-थू करतात. लहानगा ब्रुनो ते सारे पाहतो आणि काही न बोलता त्याचा हात धरतो. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखवला गेला होता. ‘श्यामची आई’ त्यानंतर वर्षभराने आला आणि ‘पथेर पांचाली’ १९५५ साली. या तिन्हींत परस्परप्रभाव शोधण्याचा माझा हेतू नाही. तिन्ही घरे पैशाने मोडत चाललेली आहेत आणि तिन्हींत एक मुलगा ते पाहतो आहे, एवढेच. ‘पथेर पांचाली’त दुर्गाच्या मृत्यूनंतर अपूला तिने चोरलेली माळ सापडते आणि तो ती तळ्यात टाकून देतो. ती कोणाला दाखवायची नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

रायच्या आणि डी सिकाच्या मुलांना मौन मिळाले. श्यामला वाणी मिळाली. तो मोठेपणी रात्रीमागून रात्र बोलतो, रडतो, क्षमा मागतो. अत्र्यांचा चित्रपट ही वाणी पुरेपूर उचलतो आणि तिथेच आईचा प्रश्न चित्रपटाला नडतो. अखेरच्या अश्रूंच्या लोंढ्यात कर्ज वाहून जाते. आई गेली, सगळे रडलो, मन स्वच्छ झाले, आता हिशेब कसला? अश्रूंनी देणे फिटते असा भास तो चित्रपट निर्माण करतो. १९५३ च्या प्रेक्षकांना हा भास हवाही असेल. ११ जून १९५० ला गुरुजी गेले होते. तीन वर्षेही झाली नव्हती. लोक श्यामच्या आईसाठी रडताना श्यामसाठीही रडत असणार. पण १९८६ साली दिव्याच्या त्या खोलीत ज्या बाईला दर डझनामागे काज मोजायचे होते, तिला हा भास परवडत नव्हता. म्हणून ती उठली, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो.

माझ्या विद्यार्थ्यांचे आक्षेप वेगळे असतात आणि ते मी टाळत नाही. एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, त्या आईला स्वतःसाठी काही हवं होतं का, हे पुस्तक कधी विचारतच नाही." खरे आहे. ही मुलाने सांगितलेली आई आहे आणि मुलाला आठवते तेवढीच ती आहे. दुसऱ्या एकाने ‘बलुतं’शी तुलना केली. श्यामच्या घरची गरिबी ही उतरलेली गरिबी आहे, तिच्यामागे खोतीची आठवण आहे. दया पवारांच्या पानांवरच्या माणसांना उतरायला वरची पायरीच नव्हती. श्यामची आई अस्पृश्य म्हातारीला मोळी उचलून द्यायला मुलाला सांगते, पण त्या म्हातारीच्या घरी रात्री काय शिजले, ते आपल्याला कळत नाही. हेही खरे आहे. गुरुजींना स्वतःला हे अपुरेपण जाणवले असावे असे मला वाटते. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसणारा माणूस आईच्या शिकवणीपाशी थांबलेला नव्हता, तो तिथून निघाला होता. मी मुलांना एवढेच सांगतो की आक्षेप घ्या, पण पुस्तकातल्या कर्जाच्या रात्री गाळून घेऊ नका. त्या गाळल्या की उरते ते सुविचारांचे पुस्तक, आणि सुविचारांच्या पुस्तकावर आक्षेप घेणे फार सोपे असते.

१० नोव्हेंबर २०२३ रोजी सुजय डहाके यांचा नवा ‘श्यामची आई’ प्रदर्शित झाला. तोही कृष्णधवल. तो पाहिल्यावर मला जुना पुन्हा पाहावासा वाटला आणि तो आईबरोबर पाहावा असे ठरवले. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बाबा नाहीत. ती अजून दिव्यालाच राहते, जुनी चाळ पडून झालेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाचरे केव्हाच बुजली. पहाटे खिडकीतून सावंतवाडीच्या गाडीसाठी पिशव्या घेऊन चाललेली माणसे दिसतात. कोकणात जाणारी गाडी आपल्या दारातून सुटते, याचे तिला अजूनही अप्रूप आहे.

मी संगणक टेबलावर ठेवून चित्रपट लावला. ती पाहत होती, अधूनमधून डुलकी घेत होती. वसुलीचा भाग आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते. मला वाटले होते त्याहून तो भाग लवकर संपला. इतकी वर्षे माझ्या आठवणीत तो फार मोठा होता, आणि आवाज नसलेला. त्यातले संवाद मी खऱ्या अर्थाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

मी विचारले, "आई, हा आपण काकूंकडे पाहिला होता, आठवतं?"

"काकूंकडे पुष्कळ पाहिले."

"तू मध्येच उठून आली होतीस."

"भात टाकायचा असेल." मग थोडे थांबून म्हणाली, "काकूंनी बाराशे दिले होते तेव्हा. त्या मेल्याला एकदाचे देऊन टाका म्हणाल्या. महिना पन्नास करून फेडले. अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीआधी फिटले सगळे."

बाराशेची ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. चित्रपटानंतर दोन दिवसांनी काकू घरी आल्या होत्या आणि आईच्या हातात पैसे ठेवून, चहाही न घेता गेल्या होत्या. चोवीस महिने आई दर महिन्याला पन्नास रुपये त्यांच्या डब्यात टाकून येत होती. कर्जाचे काय झाले, या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरात होते. ते मलाच कोणी सांगितले नव्हते.

मग मी ते विचारले, जे विचारावे की नाही याचा निर्णय मला इतकी वर्षे करता आला नव्हता. "त्या दिवशी काकूंनी मध्येच टीव्हीचा आवाज कमी केला होता. सासूबाईंचा डोळा लागलाय म्हणून. मला आपलं वाटायचं, की आपल्यासाठी केला असेल. पण म्हातारी आत झोपलेली होती ना खरंच?"

"होती की. सदा झोपलेलीच असायची." आईने चष्मा काढून पदराने पुसला. "पण तिला ऐकू कुठं येत होतं?"